ज्याला त्रास, त्याच्या हातात दोरी

परवा मी जन्मात पहिल्यांदा विमानात बसलो. पुतण्याचं लग्न नागपूरला, तिकीट पुतण्यानंच काढलेलं, नाहीतर माझ्यासारखा आठवडे बाजारात प्लॅस्टिकच्या बादल्या विकणारा माणूस ढगात कशाला जाईल? विमान अजून जमिनीवरच होतं आणि मागच्या रांगेत एका तान्ह्या पोरानं गळा काढला. गळा कसला, त्या आवाजानं विमान इंजिन सुरू व्हायच्या आधीच चार फूट वर उचललं असेल. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी डोक्यावरचं बटण दाबलं. हवाईसुंदरी आली. ते तिच्याशी इंग्रजीत बोलले, त्यातलं मला एवढंच कळलं, की त्या बाईला पोरासकट दुसरीकडे कुठंतरी बसवा. दुसरीकडे कुठं? पंखावर?

मी मागं वळून त्या आईकडे बघितलं. बाई अनोळखी, पण तो चेहरा माझ्या ओळखीचा. आपण चोरी केलीय आणि सगळा गाव जमलाय, असा चेहरा. माझं डोकं सणकलं. मी उठून बोंबललो, "अरे ह्यांच्या हातात दोरी द्या रे कुणीतरी!"

सगळं विमान माझ्याकडे बघायला लागलं. पुतण्यानं माझा सदरा ओढला. "काका, खाली बसा. कसली दोरी?"

कसली दोरी! ती दोरी खोडाळा-मोखाडा-जव्हार रस्त्यावर एका जीपमध्ये लोंबकळत असायची. जीप कंपनीनं केली होती की लोहारानं, हे सांगणं अवघड. दारं तारेनं बांधलेली, हॉर्न नाही, आणि नऊ माणसांच्या जागेत तेवीस माणसं, सात कोंबड्या, वर टपावर माझ्या बादल्यांची उतरंड. ती चालवणाऱ्या माणसाचं खरं नाव मी दहा वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. पाड्यावरच्या बाया त्याला दादा म्हणायच्या, म्हणून त्यांच्या पोरांचा तो मामा, आणि पोरांचा मामा म्हणून आम्हा सगळ्यांचाच मामा. काटकुळा, काळा, भुवया अशा दाट की पावसात डोळ्यांना छत्री लागू नये. आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे. बारा महिने. गाडीत बसला की पहिलं काम कापूस घालायचा, मग चावी फिरवायचा.

मधल्या सीटच्या मागं, टपाच्या दोन नळ्यांना, त्यानं जुन्या हिरव्या लुगड्याची झोळी बांधली होती. पाड्यावर घरोघरी आढ्याला असते तशीच. कुठल्याही बाईचं तान्हं पोर त्या झोळीत जायचं. झोळीला एक लांब सुतळीची दोरी. आणि त्या दोरीचा कायदा मामानं केलेला, सरकारच्या कुठल्याही कायद्यापेक्षा कडक: पोराच्या रडण्याचा ज्याला त्रास होईल, त्याच्या हातात दोरी. त्यानं झोका द्यायचा. उतरेपर्यंत.

मला हा कायदा पहिल्याच फेरीत लागू झाला. मोखाड्याचा बाजार उरकून दुपारी निघालो होतो, डोकं दुखत होतं, आणि झोळीतलं पोर असं किंचाळत होतं की टपावरच्या बादल्यांना तडे जातील. मी म्हटलं, "ए बाई, गप कर की त्याला! नायतर उतर खाली!"

जीप भर चढणीवर थांबली. मामानं डाव्या कानातला कापूस काढला.

"कोन बोलला?"

तेवीस माणसांनी तेवीस बोटं माझ्याकडे केली. कोंबड्यांनीसुद्धा माना वळवल्या.

"तू तो बादलीवाला ना?" मामा म्हणाला. "बाजारात दिसभर बोंबलतोस. तुला कोनी उतरवला का कधी?"

खरं होतं. माझा आवाज असा आहे, की मी मोखाड्याच्या बाजारात "बादलीऽऽ" म्हटलं की खोडाळ्यातल्या बायका घरातल्या जुन्या बादल्या फेकून देतात. तरी मी म्हटलं, "मी पोटासाठी ओरडतो, मामा."

"मंग तो कशासाठी ओरडतो?"

दोरी माझ्या हातात आली. जव्हारपर्यंत झोका दिला. दंड असा भरून आला की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला बादली दाखवायला हात वर होईना.

त्या दोरीनं कुणाला सोडलं नाही. एका हवालदारानं जामसरच्या बाईला दरडावलं, "आवाज बंद!" मामानं गाडी उभी केली. "आवाज बंद करायचा कायदा तुमच्याकडं आसल, झोका द्यायचा आमच्याकडं हाय." हवालदारानं जव्हारच्या वेशीपर्यंत झोका दिला, आणि शेवटी तोच पेंगून झोळीवर डोकं टेकून घोरायला लागला. पोर टक्क जागं, त्याच्या टोपीशी खेळत होतं. एका ठेकेदारानं मोबाइल कानाला लावून "इथं कुणाचं तरी कार्टं रडतंय" म्हटलं, आणि बाकीचं सगळं बोलणं एका हातानं झोका देत केलं. पण माझा आवडता तो साहेब. आमच्या भागातल्या अशक्त बालकांवर भाषण द्यायला ठाण्याहून आला होता. सरकारी गाडी बिघडली म्हणून मामाच्या जीपमध्ये चढला. हातात फाइल, फाइलवर हसऱ्या बाळाचं चित्र. झोळीतलं बाळ रडायला लागल्याबरोबर साहेबानं कपाळाला आठ्या घातल्या. "ह्यांना थांबवता येत नाही का? मला भाषणाचे मुद्दे काढायचेत."

मामानं दोरी त्याच्या फाइलवर ठेवली.

"चितरातला रडत नाय म्हणून आवडतो ना?" एवढंच म्हणाला.

मामा पोरांवर कधी चिडला नाही. चिडायचा तो मोठ्यांवर, आणि चिडला की सहा पिढ्यांचा उद्धार. कुणी म्हटलं, आमच्या वेळी पोरं अशी नव्हती, की तो विचारायचा, "तू काय जलमलास तवा भजन म्हनत व्हतास?" कुणी म्हटलं, आईचं लक्ष नाही, तर तो आरशातून त्याच्याकडे बघायचा. "तिची पाठ बघ. सकाळधरनं मोळी वाहिली तिनं. तुजा लक्ष कुठं हाय?" आणि प्रत्येक वेळी एकच सवाल, सगळ्या गाडीला: "त्याला बोलता येत नाय. तुमाला येतं ना? मंग सांगा, काय झालाय त्याला?" मग लोक शोधायला लागायचे. भूक आहे का, ओलं झालंय का, ऊन लागतंय का. दहातल्या नऊ वेळा सापडायचं.

एकदा मी त्याला विचारलं, "मामा, तुला पोरांची एवढी माया, मग कानांत कापूस का?"

"माया?" तो माझ्यावरच खेकसला. "मला त्यांचा आवाज बिलकूल सोसत नाय. टाळकं फुटतं. पन ती माझी अडचन हाय, पोराची नाय. म्हनून कापूस माझ्या कानात, बोळा त्याच्या तोंडात नाय."

इथवर सगळं हसण्यावारी आहे. बाजारात मी हे किस्से सांगतो आणि लोक बादली घ्यायचं विसरून हसतात. पुढचं मी बाजारात सांगत नाही.

पाच-सहा वर्षं झाली. मोखाड्याच्या बाजारातून परत निघालो होतो. घाटात एक चकाचक गाडी बंद पडलेली, बाजूला शहरातलं कुटुंब: नवरा, बायको आणि चार वर्षांचा मुलगा. धबधबे बघायला आलेले. मामानं त्यांना मधल्या सीटवर घेतलं. मुलगा चढला आणि गाडीत वादळ आलं. त्यानं पाठीमागच्या म्हातारीचा अंबाडा ओढला, पुढच्या माणसाच्या पाठीत लाथा घातल्या, चिप्सचा पुडा फोडून कोंबड्यांवर पाऊस पाडला, माझ्या पायाशी ठेवलेली एक बादली डोक्यात घालून आपटत बसला. बाप मोबाइलमध्ये. आई म्हणाली, "खूप ॲक्टिव्ह आहे हो आमचा." आणि आम्ही सगळे हसलो. म्हातारीसुद्धा अंबाडा सावरत हसली. चुणचुणीत आहे पोर, असं मीच म्हटलं. मोठ्या घरचं पोर लाथ मारतं तेव्हा ते चुणचुणीत असतं.

पुढच्या थांब्यावर एक बाई चढली. भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून परतलेली, एकटी. काखेत गाठोडं, कडेवर पाच-सहा महिन्यांची मुलगी. तिला जव्हारला उतरून जामसरकडं माहेरी जायचं होतं. मुलगी झोळीत गेली आणि थोड्याच वेळात रडायला लागली. साधं रडणं नव्हतं ते. थांबून थांबून, एकदम चटका बसल्यासारखं किंचाळायची.

त्या मुलाच्या बापानं, म्हणजे शहरातल्या साहेबानं, मोबाइलमधून पहिल्यांदा मान वर केली. "काय कटकट आहे! गप करा तिला."

स्वतःचा मुलगा माझी बादली ढोलासारखी बडवतोय आणि कटकट कुणाची, तर झोळीतल्या पोरीची!

जीप थांबली. कापूस निघाला. कायदा सांगितला गेला. दोरी साहेबाच्या हातात. साहेबानं ती दोन बोटांनी धरली, गटारातली वस्तू धरावी तशी, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "जरा धरा हो." आणि मी धरली. का धरली? कुणी मोठा माणूस 'हो' लावून बोलला की माझा हात आपोआप पुढं होतो. मामा पुढं वळून गाडी चालवत होता, कानांत कापूस परत गेला होता.

मी झोका देत होतो, पोरगी थांबत नव्हती. साहेब म्हणाला, "आम्ही विमानानं जातो ना, तेव्हा हाही असाच गोंधळ घालतो. लोक वैतागतात. मग आमच्याकडे एक औषध आहे, सर्दीचं. थोडं दिलं की विमान उतरेपर्यंत गाढ. कुणाला त्रास नाही." त्यानं बायकोच्या पिशवीतून बाटली काढली आणि बाईपुढं धरली. त्याची बायको हळूच म्हणाली, "अहो, ती फार लहान आहे." तो म्हणाला, "काही होत नाही."

बाईला त्याची भाषा नीट कळली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी बाजारातला, दोन्हीकडचं बोलणं जाणणारा.

"दादा, देऊ का?"

ती एवढंच बोलली. मला आठवतं, तिचा चेहरा तोच होता, चोरी केल्यासारखा. सगळी गाडी तिच्याकडे बघत होती. आणि माझा दंड दुखत होता.

मी म्हटलं, "दे दे. साहेब शिकलेले आहेत."

मी आयुष्यात लाख खोटं बोललोय. गळकी बादली 'झारी' म्हणून विकलीय. पण त्या दोन वाक्यांइतकं घाण कधी बोललो नाही.

थोड्या वेळात मुलगी गप्प झाली. गाडीत सगळ्यांना हायसं वाटलं. साहेब म्हणाला, "बघा!" म्हातारीनं डोळे मिटले. मी दोरी सोडून हात चोळत बसलो. बाईसुद्धा खिडकीला टेकून पेंगली. किती रात्री झोपली नसेल कोण जाणे. आणि मामानं कचकन ब्रेक दाबला.

दोन्ही कानांतला कापूस काढून तो मागं वळला.

"पोर का रडत नाय?"

बघा, तेवीस माणसं उघड्या कानांची, आणि ती शांतता ऐकली ती कान बुजवलेल्या माणसानं.

"झोपली," मी म्हटलं.

"आशी मधेच तुटून कोन झोपतं?" तो उतरून मागं आला. त्यानं झोळी उघडली, पोरीच्या गालावर टिचकी मारली, तळपायावर मारली, हात उचलून सोडला. हात ओल्या फडक्यासारखा खाली पडला. त्यानं साहेबाच्या मांडीवरची बाटली बघितली. मग माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जव्हारचा सरकारी दवाखाना तिथून किती लांब होता ते मला माहीत आहे, आणि मामानं तो किती वेळात गाठला ते मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बादलीवाला फेकतोय. वळणावर माझ्या निम्म्या बादल्या दरीत गेल्या, कुणी वळून बघितलं नाही. हॉर्न नव्हता म्हणून मामा स्वतःच बोंबलत होता, "बाजूऽऽ! बाजूऽऽ!" बाई पोरीला छातीशी धरून तिच्या तोंडावर तोंड ठेवून बसलेली. "रड ना गं बाय," एवढंच म्हणत होती. "रड ना गं."

दवाखान्यात नर्सनं पोरीला आत नेलं, मागोमाग डॉक्टरीणबाई धावत गेल्या. दार लागलं. मामा आत बाटली देऊन आला. साहेब अंगणात उभा राहून म्हणाला, "मी काही मुद्दाम... आमच्या मुलाला रोज चालतं हे. मला पुढं जायचंय, दुसरी गाडी मिळेल का?"

मामानं त्याच्या दंडाला धरलं आणि जीपच्या मागच्या बाजूला आणलं. मला हाक मारली नाही, नुसती मान हलवली. झोळीची दोरी उचलली. एक टोक साहेबाच्या हातात दिलं, अर्धी दोरी माझ्या हातात.

"हलवा."

"अहो, पण ती रिकामी आहे!" साहेब म्हणाला.

"रिकामी कुनी केली?" मामा म्हणाला. "पोर रडल तवा थांबा. तवर हलवा."

आणि आम्ही दोन घोड्यांसारखे बाप्ये दवाखान्याच्या अंगणात, भर उन्हात, उभ्या जीपमधली रिकामी झोळी हलवत राहिलो. माणसं जमली. कुणी हसलं नाही, हीच शिक्षा होती. साहेबाच्या शर्टाला घाम फुटला, पण त्यानं दोरी सोडली नाही. सोडायची हिंमत नव्हती म्हणा, की त्यालाही आतून काही झालं होतं म्हणा. त्याची बायको पायरीवर तोंड झाकून रडत होती. मुलगा तेवढा मोकळा. मामानं त्याला स्टिअरिंगवर बसवलं होतं, तो तोंडानं गाडी चालवत होता. मध्येच त्यानं मागं वळून बघितलं.

"पप्पा, ह्यात बाळ कुठाय?"

साहेबाचा झोका आणखी जोरात सुरू झाला. मामा पायरीवर बसला होता, हातात कापसाचे दोन बोळे, नजर दारावर.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मला विचाराल तर वर्ष गेलं. मग आतून एक आवाज आला. आधी खरखर, मग कण्हणं, आणि मग असा टाहो, की दवाखान्याच्या पत्र्यावरचे कावळे उडाले. मी तिथंच मातीत बसलो.

मामानं दोन्ही कानांत कापूस घातला. नीट, बोटानं दाबून. "झाला," म्हणाला.

नर्स बाहेर आली. पोरीला रात्रभर ठेवून घ्यायचं म्हणाली, पण धोका टळला. आणि तिनं कागदावर काहीतरी आणलं होतं, मामाला दाखवायला. मोठा काळा मुंगळा. पोरीच्या मानेच्या वळीत रुतून बसला होता, चार ठिकाणी चावलेला. म्हणून ती किंचाळत होती. ती सांगत होती तिच्या भाषेत, आणि आम्ही तिचं तोंड बंद केलं.

मुंगळा कुठून आला, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. झोळीखाली माझं पोतं होतं. त्यात घरी न्यायला घेतलेली गुळाची ढेप होती.

साहेब गेला. जाताना त्यानं बाईसमोर हात जोडले, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मी मात्र इथलाच, जाणार कुठं? पुढच्या बाजाराला त्याच जीपमध्ये बसलो. एक पोर रडायला लागलं. मी आपणहून हात पुढं केला. मामानं दोरी माझ्या डोक्यावरून शेजारच्या माणसाला दिली.

तेव्हापासून कधीच माझ्या हातात दिली नाही. मी मुद्दाम तक्रार करून बघितली. "काय कटकट आहे!" असं मोठ्यानं म्हटलं. गाडी थांबली नाही, कापूस निघाला नाही. माझ्या तोंडून निघालेल्या शब्दाला त्या गाडीत किंमतच उरली नव्हती. घसा विकून जगणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा कुठलं कोर्ट देईल?

मामानं गाडी चालवणं सोडायच्या आधीची एक फेरी. आता गुडघे गेलेत त्याचे, घरी असतो. त्या दिवशी वाटेत ती बाई चढली. बरोबर चार-पाच वर्षांची मुलगी, दोन वेण्या, नाकात शेंबूड, डोळ्यांत आग. मी तिला चेहऱ्यावरून ओळखलं नाही. मानेवरच्या चार बारीक काळ्या डागांवरून ओळखलं. बाईनं मला ओळखलं. मान वळवून घेतली.

मुलगी बसली नाहीच. तिनं माझ्या मांडीवर पाय देऊन सीटशेजारी रचलेल्या बादल्यांच्या चळतीतून एक लाल बादली ओढली, पालथी घातली, आणि दोन्ही हातांनी बडवायला लागली. वर गाणं. सूर नाही, शब्द नाहीत, नुसता आवाज. गाडीतली माणसं वैतागली. एकानं तोंड उघडलं, मामाच्या भुवया बघून मिटलं. माझ्या टाळक्यात घण बसत होते. मी चळतीतून सगळ्यात मोठा टब काढला, पालथा घातला आणि तिच्यापुढं सरकवला. टबाचा आवाज बादलीच्या चौपट.

मामा आरशातून माझ्याकडे बघत होता. त्यानं एका कानातला कापूस काढला. कित्येक वर्षांनी, माझ्यासाठी.

"त्रास होतो का?"

"होतो, मामा."

"होऊ दे," तो म्हणाला, आणि सुतळीची ती दोरी मागं माझ्या अंगावर फेकली. झोळी रिकामीच होती. मी जव्हारपर्यंत हलवत गेलो.